रेडिओवरचा मुल्ला आणि आभाळातला ड्रोन



ड्रोन हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी करायला ड्रोन आला, तेव्हा पोरंसोरं त्याच्या मागे शिवारभर धावली. आता तर बचत गटांतल्या बाया ‘ड्रोन दीदी’ होऊन उभ्या पिकावर फवारणी करतात. आपल्याकडे ड्रोन म्हटलं की डोळ्यांपुढे काम येतं, मजुरीचे वाचलेले पैसे येतात. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या सीमेवर असे डोंगराळ भाग आहेत, जिथे हाच शब्द काढला की बाया आधी आभाळाकडे बघायच्या आणि मग पोरांना घरात बोलवायच्या.

आज इतिहासाच्या सदरात त्या भागातली गोष्ट सांगणार आहे. १३ जून २०१८ रोजी अफगाणिस्तानच्या कुनार प्रांतात अमेरिकेच्या ड्रोनने एका माणसाला मारलं. त्याचं नाव मुल्ला फजलुल्लाह. पाकिस्तानी तालिबान या सशस्त्र संघटनेचा तो प्रमुख होता. अमेरिकेने त्याच्यावर ५० लाख डॉलरचं बक्षीस लावलेलं होतं. एवढ्या मोठ्या बंडखोराची गोष्ट बचत गटाच्या बायांना कशाला, असं कुणी म्हणेल. तर त्याला कारण आहे. या माणसाची सत्ता सुरू झाली ती बंदुकीने नव्हे, रेडिओने. आणि त्याच्या सुरुवातीच्या भांडवलात मोठा वाटा बायकांच्या सोन्याचा होता.

गोड आवाज

पाकिस्तानच्या वायव्येला स्वात नावाचं खोरं आहे. मधून स्वात नदी वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर, फळबागा. मिंगोरा हे तिथलं मोठं शहर. पूर्वी तिथे संस्थान होतं, १९६९ साली ते पाकिस्तानात विलीन झालं. संस्थानच्या काळात तंट्याचा निकाल लवकर लागायचा, असं तिथले जुने लोक सांगतात. पुढे कोर्टकचेऱ्या आल्या आणि जमिनीचे खटले वर्षानुवर्षं लोंबकळू लागले. लोकांच्या मनात तो राग होता. घरोघरचे पुरुष कामासाठी आखाती देशांत गेलेले. घरात बाया, म्हातारी माणसं आणि पोरं.

फजलुल्लाह याच खोऱ्यातला. एके काळी नदीवर दोराने ओढायचा पाळणा असतो ना, त्यातून माणसांना पलीकडे पोचवायचं काम तो करायचा. नंतर तो सूफी मुहम्मद नावाच्या एका कट्टर नेत्याचा जावई झाला. २००१ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानवर हल्ला केला, तेव्हा हा सासरा हजारो माणसं लढायला घेऊन गेला. त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. सासरा तुरुंगात गेला आणि चळवळ जावयाच्या हाती आली.

त्यानंतर त्याने विनापरवाना एफएम रेडिओ सुरू केला. यंत्र साधंच, पण खोऱ्यात घरोघर ऐकू जायचं. सुरुवातीचं बोलणं ऐकायला चांगलं होतं. नमाज पढा, व्यसन सोडा, आईबापांना सांभाळा, गरिबाला न्याय मिळाला पाहिजे. चूल पेटवता पेटवता बाया ऐकायच्या. घरात येऊन आपल्याशी बोलणारा, आपल्याला विचारात घेणारा असा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्याने मदरशासाठी मदत मागितली. बायांनी हातातल्या बांगड्या, कानातलं काढून दिलं. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जमीन नाही, तिच्याजवळ तिचं म्हणावं असं एवढंच असतं. हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबर २००५ मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. घाबरलेल्या लोकांना रेडिओवरून सांगितलं गेलं की ही तुमच्या पापांची शिक्षा आहे. मग लोकांनी टीव्ही आणि सीडी आणून चौकात जाळल्या. त्यानंतर आवाज बदलत गेला. पोलिओचा डोस पाजू नका. बाईने बाजारात जाऊ नये. मुलीने शाळेत जाऊ नये. जी मुलगी शाळा सोडेल तिचं नाव घेऊन रेडिओवरून शाबासकी दिली जायची. पुढे पुढे ज्यांच्यावर राग आहे त्यांचीही नावं रेडिओवर येऊ लागली, आणि ज्याचं नाव आलं त्याचं घर भीतीने गार पडायचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे ऐकताना कुणी धर्माचं गणित मांडू नये. मारणारे मुसलमान होते, तसे मरणारेही मुसलमानच होते. आणि पुढे ज्यांनी शाळा वाचवल्या तेही मुसलमानच. ही गोष्ट सत्तेची आहे.

डिसेंबर २००७ मध्ये त्या भागातल्या अशा अनेक टोळ्या एकत्र आल्या आणि पाकिस्तानी तालिबान ही संघटना उभी राहिली. फजलुल्लाह तिच्यात सामील झाला. मिंगोऱ्याच्या ग्रीन चौकात सकाळी प्रेतं टांगलेली दिसायची. लोक त्याला खुनी चौक म्हणू लागले. शेकडो शाळा उडवल्या गेल्या, त्यात बहुतेक मुलींच्या. शेवटी हुकूम निघाला, १५ जानेवारी २००९ पासून एकही मुलगी शाळेत दिसता कामा नये. त्याच दिवसांत मिंगोऱ्यातली अकरा वर्षांची एक शाळकरी मुलगी टोपणनावाने बीबीसीच्या उर्दू सेवेसाठी रोजनिशी सांगत होती. ती मलाला युसुफझाई.

मे २००९ मध्ये पाकिस्तानी लष्कराने मोठी मोहीम काढली. स्वात आणि आजूबाजूच्या भागातल्या सुमारे २० लाख लोकांना घरदार सोडून निघावं लागलं. लष्कराने खोरं ताब्यात घेतलं, पण फजलुल्लाह निसटला आणि सीमा ओलांडून अफगाणिस्तानात गेला.

खुर्ची आणि माणूस

आता ड्रोनकडे येऊ. तालिबानची मूळ संघटना स्वातमध्ये नव्हती, ती होती दक्षिणेकडे वझिरिस्तानात. हा भाग पाकिस्तानात असूनही तिथे देशाचे नेहमीचे कायदे लागू नव्हते. इंग्रजांनी १९०१ साली केलेला सरहद्दीचा कायदा २०१८ पर्यंत चालू होता. एकाने गुन्हा केला तर अख्ख्या जमातीला शिक्षा करता यायची. अशा भागात अमेरिकेने २००४ पासून ड्रोन हल्ले सुरू केले.

हा ड्रोन म्हणजे आपला फवारणीचा ड्रोन नव्हे. ते बिनमाणसाचं विमान असतं. तासन् तास एकाच गावावर घिरट्या घालतं आणि खालची हालचाल बघत राहतं. चालवणारा हजारो किलोमीटर लांब, अमेरिकेतल्या नेवाडासारख्या राज्यात खोलीत पडद्यासमोर बसलेला असतो. त्याच्या पंखाखाली क्षेपणास्त्रं असतात, मुळात रणगाडे फोडण्यासाठी बनवलेली. पाकिस्तान सरकार उघडपणे या हल्ल्यांचा निषेध करायचं, पण त्यांच्याच बलुचिस्तानातला एक विमानतळ २०११ पर्यंत अमेरिकन ड्रोनसाठी वापरला जात होता. अमेरिकेने १९७६ साली आपल्या सरकारी यंत्रणेला राजकीय हत्या करायला बंदी घातलेली होती. पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यांचं म्हणणं असं झालं की ही हत्या नाही, हे युद्ध आहे.

पाकिस्तानी तालिबानचा पहिला प्रमुख बैतुल्लाह मेहसूद. बेनझीर भुत्तोंच्या खुनाचा आरोप त्याच्यावर होता. आत्मघाती हल्ल्यांत त्याच्या माणसांनी शेकडो निरपराध लोक मारले होते. त्याला टिपण्यासाठी ड्रोन मागावर होते. २३ जून २००९ रोजी सकाळी एक हल्ला झाला. त्यात मेलेल्यांना दफन करायला दुपारी लोक जमले, तर त्या जमावावरही क्षेपणास्त्रं पडली. किमान ६० माणसं गेली. बैतुल्लाह त्यांत नव्हता.

५ ऑगस्ट २००९ च्या रात्री तो दक्षिण वझिरिस्तानात सासऱ्याच्या घराच्या गच्चीवर होता. तब्येत बरी नव्हती, सलाईन लावलेलं होतं. शेजारी बायको होती. वरून हे सगळं पडद्यावर दिसत होतं. दोन क्षेपणास्त्रं सुटली. तो मेला. बायको, सासू, सासरा, एक साथीदार आणि सात अंगरक्षकही मेले. एका अमेरिकन साप्ताहिकाच्या पत्रकार बाईने नंतर हिशोब मांडला. या एका माणसापर्यंत पोचायला चौदा महिने आणि सोळा हल्ले लागले, आणि त्यांत त्याच्याशिवाय २०७ ते ३२१ माणसं मेली.

खुर्चीवर लगेच दुसरा आला, हकीमुल्लाह मेहसूद. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला अफगाणिस्तानातल्या अमेरिकन तळावर आत्मघाती हल्ला झाला. अमेरिकन गुप्तचर खात्याची सात माणसं गेली. हा बैतुल्लाहचा बदला, असं तालिबानने सांगितलं. हकीमुल्लाहच्या मरणाच्याही बातम्या आल्या आणि खोट्या ठरल्या. शेवटी १ नोव्हेंबर २०१३ ला ड्रोनने त्याला मारलं. दुसऱ्याच दिवशी सरकारची माणसं वाटाघाटीचा निरोप घेऊन तालिबानकडे निघणार होती. ती बोलणी तिथेच बसली.

आणि त्या रिकाम्या खुर्चीवर, आठवडाभराच्या आत, कोण बसलं? तर स्वातचा रेडिओवाला फजलुल्लाह. ज्याच्या माणसांनी वर्षभरापूर्वी, ९ ऑक्टोबर २०१२ ला, शाळेच्या गाडीत चढून मलालाच्या डोक्यात गोळी घातली होती, तोच.

तो प्रमुख असताना, १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये तालिबानची माणसं घुसली. १४० हून अधिक जीव गेले, त्यांत १३० हून अधिक शाळकरी मुलं होती. शाळेच्या मुख्याध्यापिकाही गेल्या. हकीमुल्लाह जिवंत असता तर हे झालं नसतं, असं मी म्हणणार नाही. तोही काही कमी नव्हता. मी एवढंच दाखवते आहे की माणूस मारला म्हणजे संघटना मोडली, असा हिशोब करणाऱ्यांना पुढचं पान बघावं लागलं.

पुढचं पान आणखी साडेतीन वर्षांनी उलटलं. १३ जून २०१८, कुनार. रमजान संपत आला होता, ईद दोन दिवसांवर होती. अफगाणिस्तानच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतः फोन करून पाकिस्तानला कळवलं की फजलुल्लाह मेला. पेशावरच्या कितीतरी आईबापांना त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं असेल, आणि त्यांना तसं वाटायचा पूर्ण हक्क होता. दहा दिवसांत तालिबानने बातमी मान्य केली आणि त्याच दमात नव्या प्रमुखाचं नाव जाहीर केलं, नूर वली मेहसूद. २०२१ नंतर त्यांचे हल्ले पाकिस्तानात पुन्हा वाढले.

वहीत न आलेल्या नोंदी

आपण गटाचं रजिस्टर लिहितो, तेव्हा फक्त जमा लिहून पान बंद करत नाही. खर्चाची बाजू कोरी ठेवली तर ऑडिटला आपलीच मान खाली जाते. मग या हल्ल्यांच्या खर्चाची बाजू कुणी लिहिली?

सरकारांनी फारशी लिहिली नाही. लंडनमधल्या शोधपत्रकारांच्या एका संस्थेने बातम्या आणि साक्षी जमवून मोजणी केली. २००४ ते २०१८ या काळात पाकिस्तानात ४३० ड्रोन हल्ले झाले. त्यांत २,५१५ ते ४,०२६ माणसं मेली. त्यांपैकी ४२४ ते ९६९ साधी माणसं होती, ज्यांचा लढाईशी संबंध नव्हता. या आकड्यांतलं अंतर बघा. पाचशेहून जास्त जीव असे, की ते लढणारे होते की शेतकरी, हेच नक्की नाही. २०१२ साली अमेरिकन वर्तमानपत्रात बातमी आली की हल्ल्याच्या जागी लढण्याच्या वयाचा कुणीही पुरुष मेला, तर उलटा पुरावा मिळेपर्यंत तो लढणाराच धरला जातो. नोंदीची पद्धतच अशी असेल, तर खर्च कमीच दिसणार.

यातली एक नोंद तुम्हाला सांगते. २४ ऑक्टोबर २०१२, उत्तर वझिरिस्तान. बकरी ईदला दोन-तीन दिवस उरले होते. एक आजी शेतात भेंडी तोडत होती. नातवंडं जवळपास होती. ड्रोनने तिला मारलं, नातवंडं जखमी झाली. अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेने चौकशी केली, जवळपास कुणी लढणारा असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. वर्षभराने तिचा मुलगा, जो शिक्षक होता, आपल्या दोन लेकरांना घेऊन अमेरिकेला गेला आणि तिथल्या संसदेच्या इमारतीत बोलला. ऐकायला पाच खासदार आले. तिथल्या प्रतिनिधी सभागृहात खासदार असतात ४३५. तेरा वर्षांच्या नातवाने सांगितलं की त्याला आता निळं आभाळ आवडत नाही. आभाळ भरून आलेलं असलं की ड्रोन येत नाहीत, म्हणून त्याला ढग बरे वाटतात.

पावसाची वाट बघणाऱ्या आपण. पोर ढगांकडे का बघतं, त्याचं असंही एक कारण असू शकतं, हे माझ्या तरी मनात कधी आलं नव्हतं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. त्या भागातल्या काही लोकांचं म्हणणं होतं की लष्कराच्या तोफा आणि विमानांपेक्षा ड्रोन परवडला, तो निदान नेम धरून मारतो. तालिबानने ज्यांची माणसं चौकात कापली, त्यांना हे म्हणायचा अधिकार आहे. फजलुल्लाहसाठी रडावं असं कुणालाच सांगायचं नाही. पण त्याला पकडून न्यायालयात उभं केलं असतं, तर एक गोष्ट झाली असती. त्याला पैसा कुणी पुरवला, लपवलं कुणी, शाळा उडवायचा हुकूम कसा निघाला, हे सगळं साक्षीपुराव्याने बाहेर आलं असतं. ज्यांची पोरं गेली त्यांना त्याच्यासमोर उभं राहून बोलता आलं असतं. तो मेला आणि ही सगळी उत्तरं त्याच्याबरोबर गेली.

शाळा कुणी उघडल्या

आता तारखांची एक जुळणी बघा. फजलुल्लाह मेला जून २०१८ मध्ये. पण स्वातमधल्या मुलींच्या शाळा त्याची वाट बघत बंद राहिल्या नव्हत्या. २००९ मध्ये लोक घरी परतू लागले आणि पडक्या भिंतींच्या आत, तंबूत, जिथे जमेल तिथे वर्ग भरू लागले. तो तेव्हा जिवंत होता, सीमेपलीकडून धमक्या देत होता. त्याच्या माणसांनी मलालाला गोळी घातली ती २०१२ साली, म्हणजे शाळा सुरू झाल्यानंतर. तरीही मुली शाळेत जात राहिल्या. बाप त्यांना सोडायला जात राहिले. बाईंनी हजेरी घेणं सोडलं नाही. मलालाला २०१४ मध्ये आपल्या कैलाश सत्यार्थींबरोबर शांततेचं नोबेल मिळालं. मार्च २०१८ मध्ये ती मिंगोऱ्याला आपल्या घरी जाऊन आली, तेव्हाही फजलुल्लाह जिवंतच होता. तिच्या नोबेलच्या पैशातून शेजारच्या शांगला जिल्ह्यात मुलींची शाळा उभी राहिली.

ड्रोनने एक माणूस नेला. पण त्याच्या आवाजाने घराघरात जी भीती शिरली होती, ती काढायचं काम आभाळातून होण्यासारखं नव्हतं. ते त्या बाईंनी, बापांनी आणि दप्तर लपवून शाळेत जाणाऱ्या पोरींनी केलं. त्यांची नावं कुठल्या बक्षिसाच्या यादीत नव्हती.

आणि त्या बांगड्यांचं काय? देणाऱ्या बाया भोळ्या होत्या, असं म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. त्यांची दुखणी खरी होती. न्याय मिळत नव्हता, पुरुष लांब होते, कुणी विचारत नव्हतं. त्या आवाजाने ही दुखणी बरोबर ओळखली. कमी पडली ती एकच गोष्ट. दिलेल्या सोन्याचं काय झालं, हे विचारायची जागाच त्यांना नव्हती. महिन्याची बैठक नव्हती, वही नव्हती, उभं राहून ‘दाखवा’ म्हणणारी सचिव नव्हती.

आपल्याकडे ती आहे. दर महिन्याला दहा जणी सतरंजीवर बसतात, शंभर-दोनशे रुपयांची नोंद मोठ्याने वाचतात आणि चूक निघाली तर अध्यक्षबाईंनासुद्धा विचारतात. ही सवय छोटी समजू नका. मोबाईलमधून, मंदिरातून, मशिदीतून, स्टेजवरून, आणि हो, रेडिओवरूनही आपल्याशी गोड बोलणारे खूप येतात. त्यांचं ऐकावं. पण पदर पसरून मागणाऱ्याला वही दाखवायला सांगावं. आम्हालासुद्धा.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हे वाचून दाखवा, आणि एका प्रश्नावर बोला. आपल्या गावात मुलींनी काय करावं, काय करू नये, हे आज कोण ठरवतं, आणि त्याला शेवटचा प्रश्न कुणी, कधी विचारला? जे बोलणं होईल ते आपल्या केंद्राला लिहून किंवा फोनवर कळवा.